दुपारच्या नमाजपर्यंतची मुदत

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. एकाच्या घरातली लाईट गेलेली असते आणि तरी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसतं... दुसरा एकटाच असतो आणि तरी त्याचा फोटो कोणीतरी काढलेला असतो. माझा धंदाच तसा आहे. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खिडक्या, तुळया मी विकत घेतो आणि विकतो. समोरचा सांगतो अस्सल बर्मा साग, पणजोबांच्या काळचा. मी त्याच्याकडे बघतही नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून लाकडावर ठोकतो आणि कान लावतो. लाकूड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. जे ठोकून बघता येत नाही, त्यावर मी जन्मात कधी विश्वास ठेवला नाही. ज्यांना कामधंदा नाही त्यांना भुतं दिसतात, हे माझं मत. आजही पुष्कळसं तेच आहे.

मग हे कशासाठी लिहितोय? तर माझी एक तक्रार आहे, आणि ती कोणाकडे करायची ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही भवानी पेठेतले. माझे वडील — अब्बा — टिंबर मार्केटमध्ये हातगाडी ओढायचे. लाकडाने भरलेली गाडी, उन्हात, पायात टायरच्या चपला. थोरला भाऊ हुशार निघाला, म्हणून घरातलं सगळं त्याच्या शिक्षणावर गेलं. त्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. मी आठवीत शाळा सोडली आणि अब्बांच्या गाडीला मागून रेटा द्यायला लागलो. आज माझं हडपसरला गोडाऊन आहे, आणि ते कोणी मला दिलेलं नाही. भाईजानना मात्र अजून वाटतं की घरात शहाणे तेवढे ते एकटे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी नाझनीन टोरांटोला असते. तिचं बाळंतपण होतं, म्हणून मी आणि बायको निघणार होतो. निघायच्या आधी अब्बांना भेटायला भाईजानकडे गेलो. अब्बा तिथेच राहायचे. पलंगावर पडूनच असायचे, पण जीभ शाबूत होती. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बशीर, मला खाली उतरवायला तूच उतर. तुझ्या भावाची कंबर गेलीय. तो मला पाडेल."

भाईजान तिथेच बसले होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि आत निघून गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात घरातली जवळची माणसं कबरीत उतरतात. वरून मय्यत खाली देतात, ती ते हातावर झेलून घेतात, जमिनीवर ठेवतात, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करतात, कफनाच्या गाठी सोडतात. मग वर येतात. त्यावर लाकडी फळ्या बसतात आणि मग माती. बापाला शेवटचा हात लागतो तो खाली उतरलेल्या माणसाचा. अब्बांनी तो मान मला दिला होता — शिकलेल्याला नाही, गाडी रेटणाऱ्याला. मी म्हटलं, "अब्बा, उतरेन. पण घाई करू नका." ते हसले. बस, तेवढंच बोलणं झालं.

टोरांटोला जाताना विमानात पुढच्या सीटच्या पाठीवर नकाशा दिसतो, तो मी पूर्ण वेळ बघत होतो. दिल्लीहून सरळ पश्चिमेला जायचं सोडून हे विमान वर वर उत्तरेकडे चाललेलं. मला वाटलं, स्टेशनवरचा रिक्षावाला नवख्याला फिरवून नेतो त्यातलाच प्रकार. जावयाला तिथे पोचल्या पोचल्या विचारलं. त्याने नातवासाठी आणून ठेवलेला पृथ्वीचा गोल काढला, त्यावर दोरा ताणून दाखवला. खरंच, वरून जाणारा दोरा आखूड भरत होता. दिल्लीपर्यंतच साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर, आणि चौदा-पंधरा तास. पुढे दिल्ली ते पुणे दोन तास वेगळे. मी दोरा स्वतःच्या हातात घेऊन दोनदा मोजला. एक इंचही कमी होईना. जावई हसून म्हणाला, "मामा, इथे घासाघीस चालत नाही."

नातू झाला. आठवडाभराने, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि भाईजानचा फोन आला. पुण्यात तेव्हा शनिवारची पहाट. अब्बा गेले होते.

भाईजान म्हणाले, आज जोहरच्या नमाजनंतर, म्हणजे दुपारी, दफन आहे. मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, मय्यत जास्त ठेवत नाहीत, तुला माहीत आहे. मी म्हटलं, मला काय काय माहीत आहे ते नंतर बोलू, अब्बांनी तुमच्यासमोर मला काय सांगितलं होतं ते आधी आठवा. मग आम्ही बाप मेलेला असताना वेळेचा भाव केला. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. मी सोमवारपासून सुरुवात केली, ते शनिवारवरून हलेनात. मी बर्फाच्या पेटीची व्यवस्था सांगितली, मौलानांना फोन करायला लावला, कोणाकोणाच्या मय्यती लेकरांसाठी थांबवल्या होत्या त्यांची नावं घेतली. शेवटी रविवारच्या जोहरवर सौदा पटला. त्याच रात्रीचं विमान मला मिळत होतं. रविवारी सकाळी मी पुण्यात पोचलो असतो, वर हातात थोडा वेळही राहिला असता. बायकोला लेकीपाशी ठेवून मी एकटाच निघालो.

आणि विमानतळावर बर्फ सुरू झाला.

आपल्याकडे पाऊस पडतो तसा तिकडे बर्फ पडतो, त्यात त्यांना काही वाटत नाही. पण त्या रात्री धावपट्टीच बंद झाली. बोर्डावर आमच्या विमानापुढची वेळ दर थोड्या वेळाने पुढे सरकायची. मी काउंटरवर भांडलो, मराठीत भांडलो, हिंदीत भांडलो. तिथली मुलगी शांतपणे "सॉरी सर" म्हणत राहिली. रात्र गेली, सकाळ गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी विमान सुटायचं नक्की झालं. मी हिशेब केला. दिल्लीला रविवारी दुपारी टेकणार, पुण्याला संध्याकाळ होणार. दाराकडे रांग लागली तेव्हा मी भाईजानना फोन केला. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, पण ते जागेच होते.

मी म्हटलं, मगरिबपर्यंत थांबा. सूर्य मावळायच्या आत नाही, पण मावळल्या मावळल्या मी येतो.

ते म्हणाले, "जोहर ठरलंय, बशीर. लोकांना एकदा परत पाठवलंय. आता जोहर म्हणजे जोहर. तू यायचा प्रयत्न कर."

प्रयत्न कर... जणू विमान मी मागून रेटणार होतो.

मी नको नको ते बोललो. त्यांनी फोन ठेवला.

माझ्या शेजारच्या सीटवर एक वयस्कर पंजाबी बाई होत्या, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून जालंधरला निघालेल्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच माझ्या हातावर थोपटलं आणि नंतर काही विचारलं नाही. शहाणी बाई.

मी झोपलो नाही. समोर नकाशा. कोपऱ्यात लिहून येतं — किती अंतर राहिलं, आणि जिथे जायचंय तिथे आत्ता किती वाजलेत. मी ते दोन आकडे तेवढे बघत होतो. अंतर कमी व्हायचं आणि पुढच्या आकड्यात दुपार जवळ यायची. हजाराने, मग शेकड्याने. मला तो नातवाचा गोल दिसत होता आणि त्यावरचा तो दोरा, जो कितीही ओढला तरी आखूड होत नव्हता. घड्याळात दीड वाजायला आला, तेव्हा दिल्लीच अजून तेराशे किलोमीटर लांब होती, आणि दिल्लीपासून पुणे जवळपास तेवढंच. खाली नुसते तपकिरी डोंगर. तिकडे मशिदीत जमात उभी राहत असणार. नमाज, मग खांद्यावर जनाजा, मग कबरस्तान.

त्या वेळी मी एक गोष्ट केली जी धंद्यात कधीही केली नाही. डोळे त्या नकाशावर ठेवून मनात म्हटलं — मला तिथे उतरू दे. अब्बांना माझ्या हातांनी ठेवू दे. किंमत तू सांग, मी कमी करायला सांगणार नाही.

एवढंच म्हटलं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली — जाग म्हणावी की काय म्हणावं — तर त्या बाई माझा खांदा गदागदा हलवत होत्या आणि एअर होस्टेस पाण्याचा ग्लास घेऊन वाकली होती. विमान खाली उतरत होतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, "भाईसाब, डोळे उघडे होते तुमचे. मी किती हाका मारल्या." माझे हात हातात घेऊन चोळत होत्या. हात बर्फासारखे होते म्हणे. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मधेच कधीतरी मी समोरच्या जेवणाच्या ट्रेवर बोटाने ठोकत होतो. ठोकायचो, मान वाकडी करायचो, पुन्हा ठोकायचो. मग हात खाली घेतला आणि दगडासारखा पडून राहिलो.

मी म्हटलं, झोप नाही, जेवण नाही, शुगर खाली गेली असेल. त्यांचा नंबर घ्यायला सुचलं नाही. आज त्याची फार हळहळ वाटते.

दिल्लीला पासपोर्टवर शिक्का मारून घेतला तेव्हा दुपार कलली होती. भाईजानना फोन केला नाही. काय विचारणार होतो? पुण्याच्या विमानात बसलो, लोहगावला उतरलो, टॅक्सी केली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. एकेक वाक्य असं की वर्षभर झोंबावं.

घरी पोचलो तेव्हा मगरिबची नमाज होऊन गेली होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चार-सहा म्हातारी माणसं बसली होती, भाईजान भिंतीला टेकून. मला बघून कोणी उठलं नाही, कोणी गळ्यात पडलं नाही. माझं डोकं आणखी तापलं.

मी म्हटलं, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

भाईजाननी चष्म्यातून वर बघितलं. "कुठे होतास तू? कबरस्तानातून निघालास तो आत्ता उगवतोयस. लोक विचारून गेले."

मला वाटलं टोमणा मारतायत. आमच्याकडे टोमणे काही कमी नसतात, पण बापाच्या मय्यतीच्या दिवशी? मी बॅग जमिनीवर आपटली. म्हटलं, "मला वेड्यात काढू नका. मी विमानतळावरून येतोय."

"ते कळलं. दुपारी गेटवर तू तेच म्हणालास."

एवढ्यात भाभी पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अंगातल्या जाडजूड जॅकेटकडे, मग बॅगकडे. बॅगेच्या मुठीला विमानाचा टॅग लटकत होता. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि भाईजानच्या खांद्याला हात लावून त्यांना तो टॅग दाखवला. मी खिशातून बोर्डिंग पास काढून पुढे फेकला. भाईजाननी तो उचलला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. दिल्लीहून विमान किती वाजता निघालं ते त्यावर छापलेलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं.

मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग खाली कोण उतरलं, बशीर?"

त्या रात्री त्यांनी आणि त्या म्हाताऱ्यांनी मिळून जे सांगितलं ते असं. नमाज झाली, जनाजा खांद्यावर निघाला. कबरस्तानाच्या गेटपाशी मी उभा होतो. पांढरा कुडता, डोक्यावर टोपी, हात रिकामे. कोणालाच नवल वाटलं नाही — बशीर येणार होता, बशीर आला. मी जनाज्याला खांदा दिला. भाईजान म्हणतात की त्यांचं मन गेटपर्यंत आल्यावर बदललं होतं. ते मौलानांना म्हणणार होते की तासाभराने दफन करू, धाकटा वाटेत आहे. तेवढ्यात मी दिसलो, आणि मीच त्यांना म्हणालो, "आता उशीर नको." मग मी खाली उतरलो.

भाईजान मुदत वाढवणार होते, हे खरं की मला गप्प करायला सांगितलेलं, ते मी आजवर ठरवू शकलो नाही. पण एक कबूल करतो. ते सांगताना त्यांचे ओठ थरथरत होते, आणि माझ्या भावाला नाटक करता येत नाही. आलं असतं तर कचेरीत वर चढला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कबरस्तानात गेलो. ताजी माती, वर गुलाबाच्या पाकळ्या कोमेजलेल्या. फातेहा पढलो. कबरी खोदणारे करीमचाचा शेडमधून माझ्याकडे बघत होते, आणि मी तिकडे निघालो तसे उठून उभे राहिले. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "शेठ, त्या फळीचं कालच मिटलं ना? लगेच दुसरी दिली मी."

मी विचारलं, कुठली फळी.

त्यांना वाटलं मी पुन्हा भांडायला आलोय. समजावणीच्या सुरात सांगायला लागले. अब्बांना ठेवून झाल्यावर मी वर आलो नाही. खालूनच हात वर करून म्हणालो, फळ्या आधी मला दाखवा. एकेक फळी हातात घेतली, बोटाने ठोकली, कान लावला. सगळे वर ताटकळलेले. तिसऱ्या की चौथ्या फळीला मी थांबलो, पुन्हा ठोकली, आणि चाचांना सगळ्यांदेखत झापलं — ही आतून खाल्लेली आहे, माझ्या बापावर ही घालणार? फळी बाहेर ढकलून दिली.

"तुमचा स्वभाव माहीत आहे मला," चाचा म्हणाले, "पण मय्यतीच्या वेळी कोण एवढा भांडतो, शेठ."

मी म्हटलं, ती फळी कुठे आहे.

शेडच्या मागे टेकून ठेवली होती. आंब्याची साधी फळी, वरून अगदी चांगली दिसणारी. मी ती उलटी केली.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. सुरुवातीच्या काळात मला एकाने फसवलं होतं. मी नापसंत केलेला माल त्याने रात्रीत पुन्हा माझ्याच ढिगात घुसवला. तेव्हापासून नाकारलेल्या प्रत्येक लाकडावर मी खूण करतो. खिशातल्या किल्लीने, टोकाजवळ, मागच्या बाजूला — दोन आडव्या रेघा आणि खालच्या रेघेला डावीकडे खेचलेली शेपटी. ती खेच माझ्या मनगटाची आहे. माझी माणसंही ती खूण करायला जातात, पण त्यांची शेपटी सरळ येते.

फळीच्या टोकाला, मागच्या बाजूला, दोन रेघा होत्या. शेपटी डावीकडे.

मी ती तिथेच गुडघ्यावर घेऊन मोडली. पापडासारखी मोडली. आत वाळवीने नुसता भुसा केला होता.

चाचांना काही सांगितलं नाही. एवढं मात्र विचारलं की खाली उतरल्यावर मी काय काय केलं. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत म्हणाले, करायचं ते सगळं नीट केलंत. अब्बांना झेललंत, जरासुद्धा हिसका बसू दिला नाहीत. गाठी सोडल्यात, तोंड किबल्याकडे केलंत. मग वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत राहिलात. बराच वेळ. भावाने वरून हाक मारली तर हाताने 'थांबा' म्हणालात.

"काय बोललो?"

"शेठ," ते म्हणाले, "ते तुम्ही मला विचारता?"

आणि मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "हात मात्र फार गार होते तुमचे. वर घेताना मीच हात दिला ना. मयतापेक्षा गार."

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून बघितलंय. माझ्यासारखा दिसणारा कोणी असेल — असेल, पण त्याला माझी खूण कशी येईल आणि फळी आतून पोकळ आहे हे कसं कळेल? माझ्या गोडाऊनमधली दोन माणसं दफनाला होती, त्यांच्यापैकी कोणी केलं असेल — त्यांना आडवं-तिडवं विचारलं, खोटं खोटं धमकावलंही. दोघं शपथेवर सांगतात, शेठ, तुम्हीच होता, आम्हाला ओळखून मान हलवलीत. लोक दुःखात होते, भास झाला — शंभर माणसांना एकच? भाईजानचा डाव म्हणावा, तर त्यांना सागाची आणि बाभळीची फळी शेजारी ठेवली तरी ओळखता येत नाही. आणि पासपोर्टवरचा शिक्का तर माझ्या कपाटात आहे. विमानातून मधेच उतरून पुण्याला जाऊन परत सीटवर येता येत नाही, एवढं मला आठवी नापासालाही कळतं.

नातेवाइकांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, बशीर, तू नशीबवान आहेस. तुझ्या मनात एवढी तळमळ होती की अल्लाने तुला पोचवलं. बापाची इच्छा पुरी झाली. भाईजानही आता तसंच म्हणतात आणि माझ्याशी पहिल्यापेक्षा नरमाईने वागतात. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

माझा मिटलेला नाही. कारण मी पोचलो नाही. अब्बांचं वजन माझ्या हातांना माहीत नाही. कफनातला चेहरा मी पाहिलेला नाही. सगळ्या पेठेने मला बापाला कबरीत ठेवताना पाहिलं, फक्त मी पाहिलं नाही. एखाद्याने माझ्या नावाने माल उचलावा, पोचल्याची सही माझ्यासारखीच करावी, आणि मी दुकानात बसून वाट बघत राहावं, तसं झालंय हे. आणि अब्बांच्या कानात जे बोलणं झालं ते काय होतं? मी असतो तर मी काय बोललो असतो, याचा मी रोज विचार करतो. एक वाक्य सुचत नाही. त्याला मात्र बराच वेळ पुरेल एवढं सुचलं.

फळीचे दोन्ही तुकडे हडपसरच्या गोडाऊनमध्ये ठेवलेत. कोणाला बघायचे असतील तर बघावेत, खूणही बघावी. चुका काढणाऱ्यांनी जरूर यावं, मी त्यांच्यातलाच आहे.

एक मात्र इथे पहिल्यांदाच सांगतोय, भाईजाननाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी विमानात मी जे मनात म्हटलं ते मी अल्लाला म्हटलं, असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चालत होतो. पण ते शब्द मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलेत, जसेच्या तसे. किंमत तू सांग, असं मी म्हणालो. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. इतकी वर्षं धंदा केला, हजार सौदे केले, पण भाव न ठरवता आणि समोर कोण आहे हे न बघता मी कधी हो म्हटलं नव्हतं. तेव्हा एकदाच म्हटलं, आणि माल तर कबूल केल्याप्रमाणे पोचला.

किंमत मागायला अजून कोणी आलेलं नाही.